एम-416 ला हात लावताना

कोलोरॅडो

प्रिय विज्या,

सप्रेम नमस्कार. तो लष्करी ट्रेलर अखेर आमच्या दारात आला. अमेरिकन लष्कराने एम-151 जीपमागे जोडायला केलेला एम-416, पाव टनी, म्हणजे 500 पाउंड भाराचा. चाक काढलं आणि तुझी आठवण आली, कारण त्याचे पाच बोल्ट 139.7 मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत, अगदी तुझ्या जिप्सीसारखे.

इथले बरेच लोक सगळ्यात आधी पुढची ओढायची कडी काढून तिथे बॉलचा कपलर, म्हणजे गाडीच्या लोखंडी गोळ्यावर बसणारी जोडणी, बसवतात. मला ते मुळीच पटत नाही. कडी आणि हूक रस्त्यावर खडखडतात हे खरं, पण खडकाळ वाटेवर गाडी एकीकडे आणि ट्रेलर दुसरीकडे कलला तरी ही जोडी आखडत नाही. म्हणून मी कडी राखली आणि गाडीलाच पिंटल हूक, म्हणजे कडी आत घेऊन वरून बंद होणारा जाड हूक, बसवला. सुरक्षेच्या साखळ्या लावल्या, त्यात तडजोड नाही.

विजेचं काम करताना मजा आली. लष्कराचं सगळं 24 व्होल्टचं, त्यामुळे आपल्या 12 व्होल्टवर जुने बल्ब नुसते मिणमिणतात. बल्ब बदलावेच लागतात. पण प्रत्येक वायरला नंबराची पत्र्याची पट्टी आहे, त्यामुळे शोधाशोध नाही: 21 मागच्या दिव्याची, 22-460 आणि 22-461 वळणाच्या व ब्रेकच्या, 90 अर्थिंगची. या चार वायरी नव्या प्लगला जोडल्या की झालं. ब्लॅकआउट दिव्यांच्या, म्हणजे शत्रूला दिसू नयेत अशा मंद लष्करी दिव्यांच्या, 23 आणि 24 मी न कापता टेप लावून ठेवल्या. अर्थिंगसाठी कडीच्या लोखंडावर कधी विसंबू नये. हादऱ्यांनी संपर्क तुटतो आणि दिवे लुकलुकतात.

खरा जीव खातो तो तळाचा पत्रा. नदी ओलांडताना तरंगावा म्हणून याची सामान ठेवायची पेटी पाणी न शिरणारी केलेली, तळाला बुचं. ट्रेलर उघड्यावर ठेवला आणि बुचं काढायची राहिली, की पावसाचं पाणी आत साचून सांधे कुजवतं. कुजलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा. वरून पत्रा ठोकला तर मधे ओल राहते. आणि रंगाला जप. 1980च्या दशकापासून लष्कर रासायनिक हल्ल्यात टिकणारा रंग वापरतं. तो घासला की धूळ विषारी आणि तापवला की वाफही. साधा कापडी मास्क तिथे उपयोगाचा नाही.

चाकाच्या हबमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं, तेव्हा बेअरिंग रॉकेलने धुऊन रोलर नीट बघायचे. खड्डे दिसले तर हबमधली रेस, म्हणजे रोलर जिच्यावर फिरतात ती कडी, तीसुद्धा बदलायची, सील नवं घालायचं. नट चाक फिरवत आवळून मग किंचित सैल करायचा. थोडं अंतर चालवून हबला हात लावून बघ, चटका बसला तर पुन्हा खोल.

एक अडलंय. रिकामा ट्रेलर फार उडतो. स्प्रिंगचा एकेक पाटा कमी करावा असं मनात येतं, पण भरल्यावर तो बसेल अशी भीती वाटते. तू कोल्हापुरात पाटेवाल्यांकडून इतकी कामं करून घेतलीस, त्यांना विचारून कळव. तोवर पाट्यांना हात लावत नाही.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अभ्या