नायिकेला आजार देऊ नकोस

अमरावती,
७ सप्टेंबर २०२५

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा लांबलचक व्हॉइस मेसेज मी दोनदा ऐकला. आईने एकदाच ऐकला आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले, कारण तुझ्या आवाजात खूप दिवसांनी आनंद होता. ‘बाबा, आता सगळं बदलणार. नव्या पोरांची लव्हस्टोरी एवढी चालली, आता आमच्यासारख्यांना दार उघडेल,’ असं तू म्हणालीस. आणि शेवटी, जाता जाता, हळूच सांगितलंस की तो निर्माता तुझी गोष्ट घ्यायला तयार आहे, फक्त नायिकेला काहीतरी आजार दे म्हणतोय. यावर फोनवर मला नीट बोलता आलं नसतं, म्हणून कागद घेतला.

तू म्हणतेस तो ‘सैयारा’ मी पाहिला. १८ जुलैला लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात मी आणि तुझी आई गेलो. सवय जात नाही, दिवे मंद व्हायच्या आत मी डोकी मोजली. निम्म्याहून जास्त पोट्टे-पोट्टी विशीच्या आतले. आमच्या पुढच्या रांगेत चार मुलं होती, एका कॉलेजची असावीत. मध्यंतरापर्यंत एकमेकांना ढोसत होती. शेवटच्या अर्ध्या तासात त्यातला एकजण शर्टाच्या बाहीने नाक पुसत होता आणि बाकीचे तिघं त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते, कारण त्यांचीही तीच गत होती. मला फार बरं वाटलं बघ. वीस वर्षांचा मुलगा चारचौघांत रडतो, हे सिनेमागृहाशिवाय दुसरीकडे कुठे होतं? त्या रडण्यावर मी एक शब्दही वाकडा बोलणार नाही. पण ते रडणं नवीन आहे, असं मात्र मला म्हणता येत नाही.

तुला माहीत आहे, १९८० साली मी इथल्या एका वितरकाच्या ऑफिसात फिल्म रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून लागलो. सी.पी. बेरार सर्किटचा, म्हणजे विदर्भ आणि आसपासच्या वितरणाच्या इलाख्याचा, माल अमरावती-भुसावळहून हलायचा. प्रिंटच्या पत्र्याच्या पेट्या एसटीच्या टपावर चढवायच्या, दर्यापूर, वरूड, पुसद, वणी, जिथे सिनेमा लागेल तिथे सोबत जायचं. पेट्या ऑपरेटरच्या ताब्यात द्यायच्या, प्रत्येक खेळाला खिडकीवर किती तिकिटं फाटली ते बघायचं, हॉलमध्ये जाऊन डोकी मोजायची, डी.सी.आर., म्हणजे रोजच्या कमाईचा तक्ता, भरून मॅनेजरची सही घ्यायची. एकच सिनेमा मी चाळीस-पन्नास वेळा बघितलेला असायचा. त्यामुळे पडद्याकडे पाठ करून लोकांचे चेहरे बघायची खोड लागली.

तर ऐक. मी लागलो त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, ‘लव्ह स्टोरी’ आणि ‘एक दूजे के लिए’ आले. राजेंद्रकुमारचा मुलगा कुमार गौरव, सोबत विजयता पंडित, दोघंही कोरे चेहरे. टॉकीजबाहेर मुलींची एवढी गर्दी मी तोवर पाहिली नव्हती. दुसरीकडे कमल हासन आणि रति अग्निहोत्री हिंदीला नवे, आणि शेवट असा की बायका हॉलच्या पायऱ्यांवर बसून राहायच्या. ऑफिसात सगळे म्हणाले, मारामारीचे दिवस संपले, आता प्रेमाचे आले. आठ वर्षांपूर्वी ‘बॉबी’च्या वेळीही लोक हेच बोलले होते. तेव्हा मी पंधराचा होतो. ‘मेरा नाम जोकर’मध्ये राज कपूरचे हात पोळले होते, मग १९७३ मध्ये त्याने मुलाला आणि नव्या डिंपलला घेऊन ‘बॉबी’ काढला आणि सगळा देश वेडा झाला. पण त्याच वर्षी, त्याच्या चार महिने आधी, ‘जंजीर’ येऊन गेला होता. पुढची दहा वर्षं कोणाची ठरली? ‘बॉबी’तल्या प्रेमिकांची नाही, ‘जंजीर’मधल्या इन्स्पेक्टरची. ‘लव्ह स्टोरी’नंतरही तेच. त्या पहिल्या यशाचं गणित कुमार गौरवला एकट्याच्या बळावर पुन्हा जमलं नाही. हे मी त्या मुलाला उणं लेखून सांगत नाही. धंद्याने त्याच्यातला चेहरा उचलला आणि त्या चेहऱ्याला पुढची गोष्ट काही दिली नाही.

१९९० नंतर तर हे मी घरात सोसलं आहे. ‘मैंने प्यार किया’ १९८९ च्या अगदी शेवटच्या शुक्रवारी लागला. तो पुढे किती महिने चालला, ते तुझी आई सांगेल. मी घरी नसायचोच. रोज तीच माणसं खिडकीवर. एक म्हातारी आजी नातीला घेऊन सलग सहा दिवस आली, सातव्या दिवशी दिसली नाही तर डोअरकीपरने मला विचारलं, ‘साहेब, आजी आजारी तर नसेल?’ मग ‘आशिकी’ आला, राहुल रॉय आणि अनु अग्रवाल. त्याची कॅसेट पानठेल्यापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत वाजत होती. आमच्या मालकांना वाटलं सूत्र सापडलं: दोन नवे चेहरे, आठ गाणी, बास. त्यांनी तसले तीन सिनेमे एम.जी. देऊन उचलले. म्हणजे चालो न चालो, ठरलेली रक्कम निर्मात्याला आधीच मोजून दिलेली. शुक्रवारी लागलेला सिनेमा, आणि सोमवारच्या दुपारच्या खेळाला मी हॉलमध्ये अकरा माणसं मोजली. आठवडा पुरा व्हायच्या आत पेट्या परत. तिन्हींचं तेच झालं. त्या वर्षी मला सात महिने अर्धा पगार मिळाला. तू तेव्हा जन्मायची होतीस.

त्या तिन्ही सिनेमांत काय कमी होतं, याचा मी फार विचार केला. गाणी वाईट नव्हती. मुलं दिसायला छान होती. पण त्या प्रेमाला कोणाचा धाक नव्हता, कशाची अडचण नव्हती, ते कुठल्या गावात घडतंय याचा पत्ता नव्हता. दुसऱ्याच्या सिनेमातून आणलेलं प्रेम होतं ते. हॉलमधल्या माणसाला हे पहिल्या रिळात कळतं. तो शिव्या देत नाही, नुसता पाय लांब करून बसतो. असे लांब केलेले पाय दिसले की मी डी.सी.आर. भरायच्या आधीच आकडा ओळखायचो.

आता यंदाचंच घे. नवे चेहरे म्हणून लोक आले असते तर जानेवारीत आलेला ‘आझाद’ का पडला? त्यातही अजय देवगणचा भाचा आणि रवीना टंडनची मुलगी, दोघंही नवेच होते. आणि ‘सैयारा’मध्ये नवं तरी किती? अहान पांडे सिनेमावाल्यांच्या घरातला, चंकी पांडेचा पुतण्या. अनीत पड्डा अमृतसरची, ती मात्र लहानसहान कामं करत इथवर आली. दिग्दर्शक मोहित सुरी वीस वर्षं सिनेमे करतोय, ‘आशिकी २’ त्याचाच. पाठीशी यशराजसारखी जुनी पेढी. नवं मला दोन ठिकाणी दिसलं. एक, त्यांनी या दोन पोरांना सिनेमा लागेपर्यंत मुलाखतींपासून दूर ठेवलं, टीव्हीवर नाचवलं नाही. त्यामुळे लोकांना पडद्यावर ती दोघं पहिल्यांदा भेटली. दुसरं, शीर्षकगीतामागे फहीम अब्दुल्ला आणि अर्सलान निझामी ही काश्मीरची पोरं आहेत. कोणी कोणाचा मुलगा म्हणून ती तिथे आलेली नाहीत. मनू, बदल शोधायचा असेल तर मी पोस्टर सोडून तिथे शोधीन. कोण लिहितंय, कोण सूर लावतंय.

देशात ३०० कोटींच्या वर धंदा झाला, ही मोठीच गोष्ट आहे. महिन्याभराने त्याच पेढीचा बड्या नटांचा सिनेमा आला आणि त्याने यापेक्षा कमी कमावलं, हेही मला कळतं. बड्या नावांवरचा भरवसा डळमळला आहे, इतकं नक्की. पण भरवसा डळमळला की हे लोक आधी काय करतात, ते आम्ही पाहिलं आहे: चाललेल्याची नक्कल. तुझा निर्माता तेच करतोय. ‘सैयारा’तली मुलगी विसरायला लागते, म्हणून तुझीही काहीतरी विसरली पाहिजे.

आणि आणखी एक गोष्ट, जी मी मुलीचा बाप झाल्यावर बघायला लागलो. या नवोदितांच्या जोड्यांमधला मुलगा पुढे काय झाला आणि मुलगी काय झाली? ऋषी कपूर पुढे कितीतरी वर्षं नायक राहिला. डिंपलचं लग्न ‘बॉबी’ लागायच्या आधीच झालं होतं, ती परत दिसली थेट १९८४ मध्ये. सलमान आजही आहे, भाग्यश्री लग्नानंतर जवळजवळ बाजूलाच झाली. ‘कयामत से कयामत तक’मधली जुही चावला टिकली, तिचं मला फार कौतुक. अनीतला यानंतर कसली कामं मिळतात, रडवणारी आजारी मुलगीच मिळते की आणखी काही, ते बघायला मी थांबलो आहे. त्यातून मला जे कळेल ते ३०० कोटींच्या आकड्यातून कळणार नाही.

खरा बदल मी एकदाच डोळ्यांनी पाहिला आणि तो आपल्या मराठीत पाहिला. २९ एप्रिल १९८८ ला ‘कयामत से कयामत तक’ लागला होता. बरोबर २८ वर्षांनी, २९ एप्रिल २०१६ ला, ‘सैराट’. तोवर पेट्या बंद झाल्या होत्या, माझी नोकरीही गेली होती. तू, मी आणि आई तिघं गेलो होतो, आठवतं? अकलूजची रिंकू राजगुरू, आकाश ठोसर, दोघांना कोणी ओळखत नव्हतं. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, मुलगा आधी तिच्याकडे बघून लाजतो. आणि शेवटी आवाजच बंद होतो. सगळ्या हॉलमध्ये कोणी उठेना. तू माझा हात धरला होतास. चेहरे नवे होते म्हणून ते घडलं नाही. नागराज मंजुळेने जे गाव, जी जात, जी भीती जवळून पाहिली होती ती पडद्यावर आणली, आणि त्या गावातली माणसं दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्याने उभी राहिलीच नसती. दोन वर्षांनी हिंदीत ‘धडक’ झाला. गाणी घेतली, पळून जाणं घेतलं, श्रीदेवीची मुलगी घेतली, आणि जातीची धार तेवढी बोथट केली. मला तो सिनेमा बघताना पाय लांब करावेसे वाटले.

तुझी गोष्ट मी वाचली आहे, तू पाठवलीस त्या रात्रीच. दर्यापूरच्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता पोलीस भरतीसाठी धावणारी मुलगी आणि त्याच रस्त्याने मुरमाचा टिप्पर नेणारा मुलगा. तो रोज तिच्यासाठी दिवा डिप करतो. दहा पानं दोघं एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत, फक्त तो दिवा डिप होतो. हे तुझं आहे. हे मुंबईच्या ऑफिसात बसून कोणाला सुचणार नाही. या मुलीला आजार दिलास तर ती धावणार कशी?

निर्मात्याला नाही म्हणायला भीती वाटते, हे मला कळतं. खोलीचं भाडं आहे, वय पुढे सरकतंय. चार महिन्यांचं भाडं मी पाठवतो, ती रक्कम वेगळी काढून ठेवली आहे, आईला विचार. त्याच्याशी भांडू नकोस. गोष्ट आहे तशी दुसरीकडे दाखव, सध्या नव्या पोरांच्या प्रेमकथा ऐकायला लोक बसतायत तोवर दाखव. या लाटेचा तुला उपयोग तेवढाच. वर्षभरात नकला पडायला लागल्या की हेच लोक म्हणतील, प्रेमकथा चालत नाहीत.

दसऱ्याला येशील तेव्हा छापील प्रत घेऊन ये, मोबाइलवर वाचून डोळे दुखतात. आणि एक चूक दुरुस्त कर. भरतीच्या प्रसंगात तू तिला १६०० मीटर पळवलं आहेस. ते मुलांना असतं. मुलींना ८०० मीटर. मागच्या गल्लीतली भरतीची तयारी करणारी पोरगी आहे ना, तिला विचारून घेतलं. ती म्हणाली, शेवटच्या दोनशे मीटरला कानात फक्त आपलाच श्वास ऐकू येतो. तेही कुठे बसतं का बघ.

तुझा
बाबा