नोटिशीचा फोटो नको, अक्षरे द्या

मा. संपादक,
स. न.

माझे पती निवृत्त शिक्षक. काचबिंदूने आठ वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली, पण मोबाइल सुटला नाही. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी टॉकबॅक ही फोनमधली सोय सुरू करून ते बँकेचे संदेश ऐकतात, वीजबिल भरतात, पुण्यातल्या लेकीशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतात.

मागच्या आठवड्यात एका कार्यालयाची नोटीस ऑनलाइन आली. उघडली आणि फोन गप्प! "मुका झाला बाप्पा हा," म्हणत त्यांनी तो माझ्यापुढे धरला. छापलेला कागद सही करून, स्कॅन करून चढवलेला. आपल्या डोळ्यांना ती अक्षरे, फोनला मात्र नुसता फोटो. हरकत नोंदवायला गेलो, तर चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखायची. ती ऐकण्याची सोयच नाही. मी ती भरेपर्यंत ओटीपीची वेळ संपली. माझी मदत घ्यायला त्यांना संकोच नाही. पण आपल्या नावाचे पत्र आधी दुसऱ्याने वाचावे, हे त्यांना फार लागते.

नागपूरची निवड स्मार्ट सिटी योजनेत २०१६ साली झाली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदाही त्याच वर्षीचा. त्याच्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात हवा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवा मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. ओळख पटवताना कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावण्याची अट ज्यांना पाळता येत नाही, अशा अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांनी आणि एका दृष्टिहीन व्यक्तीने दाद मागितली होती.

यासाठी कोट्यवधींची यंत्रणा नको. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनला ओळखता येतील अशा अक्षरांत, टाइप करा आणि तीच फाइल चढवा. बटणांना फोनला वाचता येतील अशी नावे द्या. संकेतस्थळ सुरू करण्याआधी शहरातल्या चार दृष्टिहीन माणसांना ते वापरायला लावा. अडते कुठे, ते तासाभरात सांगतील. मेट्रोत पुढचे स्थानक बोलून सांगतात, म्हणून तर माझे पती खापरीहून सीताबर्डीला एकटे जातात. तसाच आवाज शहरातल्या प्रत्येक बसमध्ये असावा.

हा प्रश्न दृष्टिहीनांपुरता नाही. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना वाचता येत नाही, पण व्हॉइस मेसेज त्या सरसर पाठवतात. अर्ज फोनने वाचून दाखवला, तर त्याही स्वतः भरतील. भांडी घासून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या आहेत, यंत्र ठसा घेत नाही. म्हणून खिडकीवरचा माणूसही हवाच, आणि कागद पाहून ओळख पटवण्याचा अधिकार त्याला हवा.

नोटिशीवरच्या हरकतीची मुदत शुक्रवारी संपते. माझ्या पतींनी ती फोनला सांगून मराठीत लिहून ठेवली आहे, एकही चूक नाही. अपलोडचे बटण कुठे आहे, ते मात्र मलाच दाबून द्यावे लागेल.

एक वाचक,
मानेवाडा, नागपूर