रविवारी मत्स्यशेती पाहायला जायचंय!

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी कुडाळजवळच्या मत्स्यशेतीला भेट ठरली आहे. सकाळी ७ वाजता एसटी स्टँडसमोर जमूया. उशीर नको, माशांना खाद्य सकाळीच घालतात. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. म्हणून तिन्ही एकाच तळ्यात वाढवतात.

शोभेच्या माशांच्या टाक्या शेडखाली आहेत. गप्पी, मोली थेट पिल्लं घालतात, तर फायटरचा नर बुडबुड्यांचं घरटं बांधून अंडी राखतो. मुलांना नक्की आणा, हे बघण्यासारखं असतं.

आत जाताना दारातल्या औषधी पाण्यात पाय बुडवा. एका तळ्याचा रोग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून ती सोय आहे. टाकीत हात घालू नका, काचेवर टकटक नको.

मासे विकतही मिळतील. घरी आल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मगच मासे सोडा. आणि कळकळीची विनंती: नकोसे झालेले मासे ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नका. सकर मासा असाच आपल्या नद्यांत शिरला आहे.

नावं गुरुवारपर्यंत ग्रुपवर कळवा. डबा, पाणी, टोपी सोबत घ्या.