वेणी येते म्हणजे चप्पल येते असं नाही

सोनू,

परवा फोनवर तू एकदम म्हणालीस ना, आई मी नोकरी सोडून आपलंच काम करणार, कोल्हापुरी चपलांचं, आणि मी गप्प झाले. तुला वाटलं मी चिडले. चिडले नव्हते गं, मला रडू आलं होतं आणि समोर तुझे पप्पा जेवत बसलेले म्हणून फोन ठेवला. आता सगळे झोपलेत म्हणून टाइप करतेय, मोठं झालंय पण पूर्ण वाच.

तुला या कामापासून लांब मीच ठेवलं. तू तिसरीत असताना एक पोरगी तुझ्या शेजारून उठून दुसऱ्या बेंचवर गेली, कातड्याचा वास येतो म्हणाली, आणि तू घरी येऊन मोरीत साबणानं हात घासत बसलेलीस. लाल झाले होते हात. त्याच दिवशी मी ठरवलं की हिच्या हातात भोकं पाडायची आरी द्यायची नाही. माझ्या शेजारी येऊन चपलेच्या कातडी वेणीला हात लावायचीस तर हाकलायचे मी तुला, अभ्यास कर जा म्हणून. आणि आता तू डिझाइन शिकून सांगतेस की हे आपलं आहे. खूप बरं वाटलं मला, खरं सांगते.

पण एक गोष्ट आहे. तू म्हणालीस वेणीचं आई बघेल, तळ आणि शिलाई कारागिराकडून करून घेईन, मी डिझाइन आणि इन्स्टाग्राम बघते. हे मला पटलं नाही.

लग्न होऊन कोल्हापुरात सुभाषनगरात आले तेव्हापासून मी वेणी घालते. शेळीचं कातडं बारीक कापून ओलं करायचं आणि मग पदर घ्यायचे, तीनपदरी, पाचपदरी, सातपदरी. एखादा पदर जरा जास्त सुकला की ओढताना तुटतो, जास्त ओला राहिला तर आज घट्ट दिसते पण सुकल्यावर वेणी सैल पडते. ते डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याखाली कळतं. मला अंधारात पण कळतं. पण तळ कापायला मला कधी कुणी शिकवलं नाही. तुझे आजोबा कातडं कापायची रापी कुठल्याच बाईच्या हातात द्यायचे नाहीत, वाईट माणूस नव्हते ते, तशीच पद्धत होती, कापायचं शिवायचं पुरुषांनी आणि वेणी, भोकं पाडणं बायकांनी. त्यामुळे एवढी वर्षं काम करून एक अख्खा जोड मी स्वतः बनवलेला नाही. दुकानदार भाव ठरवतो तो जोडाचा, वेणीचे पैसे त्यातनं उरतील ते, आणि मी बोलू शकत नाही कारण पुढचं मला येत नाही. एकदा एका दुकानदारानं शंभर जोडांच्या वेण्या परत केल्या, जाड आहेत म्हणाला, महिन्यानं त्याच वेण्यांसारख्या वेण्या त्याच्या काचेच्या कपाटात दिसल्या. कुणाला काय सांगणार होते मी.

म्हणून म्हणते सगळं शिक. कातडं कमावतात ते आधी बघून ये, बाभळीची साल आणि हिरडा, किती दिवस जातात त्यात ते बघ, मग कुणी भाव पाडून मागितला तर तुझ्या तोंडात उत्तर असेल. खिळा न मारता चामड्याच्या वादीनंच शिवतात ते हातानं करून बघ, पहिले दहा जोड वाया जाऊ देत. २०१५ ला तो गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाल्यापासून बैलाचं कातडं मिळणं अवघड झालंय, म्हशीचं कुठं चालतं कुठं नाही ते पप्पांना विचार, त्यांना विचारलेलं आवडतं, सांगत नाहीत एवढंच.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दिसली आणि किती गदारोळ झाला, तू पण रात्री बारा वाजता मला लिंक पाठवलेलीस. नंतर प्राडानं मान्य केलं की हे इथल्या चपलेवरनं घेतलंय. चांगलं झालं. २०१९ ला आपल्या चपलेला जीआय, म्हणजे ती इथलीच अशी सरकारी नोंद, पण मिळालंय, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून, म्हणजे अथणीकडच्या बायका पण त्यात आल्याच, त्या पण माझ्यासारख्याच दिवसभर वाकून वेण्या घालतात. पण टीव्हीवर इतके दिवस सगळे कोल्हापुरी कोल्हापुरी करत होते, त्यात वेणी घालणाऱ्या बाईला काय मिळतं हे मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. तू धंदा काढशील तेव्हा वेणीचा दर वेगळा लिही, बिलावर वेगळी ओळ टाक. माझ्यापासनं सुरुवात कर, आई आहे म्हणून फुकट घेऊ नकोस. शेजारच्या काकू आणि त्यांच्या सुनेला पण तोच दर दे.

लोक बोलतील, एवढं शिकून परत त्यातच आली म्हणून. आपलेच लोक जास्त बोलतील. पप्पा पण आठवडाभर नीट बोलणार नाहीत तुझ्याशी, त्यांनी जे सोसलंय ते तुला सोसायला लागू नये एवढंच त्यांच्या मनात असतं, त्यावर वाद घालू नकोस, त्यांच्या शेजारी जाऊन कामाला बस.

नोकरी आत्ताच सोडू नकोस. पावसात तसंही कातडं नीट वाळत नाही, शिकायला मजा नाही. दिवाळीला ये आणि जोडून पंधरा दिवस सुट्टी टाक. आजोबांची रापी मी काल माळ्यावरनं काढली, मूठ सैल झालीय, नवीन बसवून आणि पात्याला धार लावून ठेवते. दोघी मिळून शिकू. मला पण एक तळ कापून बघायचाय.

आई