दिव्याच्या खारातली बदकं

ठाणे,
पौष शुद्ध चतुर्दशी

प्रिय सुधीर,

नांदूर मधमेश्वरचे फोटो मिळाले. तिकडे धरणाचं पाणी, त्यामुळे बदकं दिवसभर जागेवर. इथं मात्र सगळं भरतीच्या हाती. तुझे आजोबा सांगायचे ना, तिथीला तिनाने गुण, चाराने भाग, की भरतीची वेळ निघते? काल त्रयोदशी, म्हणजे पावणेदहा. खाडीच्या आत पाणी त्याहून उशिरा चढतं, तरी मी आठलाच दिवा गावापुढच्या खारात, खाडीला बांध घालून केलेल्या भातजमिनीत, बांधावर जाऊन बसलो.

भात कापून झालंय, म्हशी मोकळ्या सोडल्यात. उघाडीजवळच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळच्या, सखल खाचरात गुडघाभर पाणी आणि त्यात चाळीसेक थापटे बदकं! चोच नुसती पसरट नाही रे, तिच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात. पाणी आत घ्यायचं, कडेनं सोडायचं, किडेमुंग्या आणि बी तेवढं आत राहतं. आठ-दहा जण एकामागोमाग गोल फिरत होते, पुढच्यानं ढवळलेलं मागचा गाळतो. तलवार बदकं चारच, लांब. हळदीकुंकू बदकांची मात्र आपली नेहमीची जोडी.

मग खाडीतला चिखल बुडाला आणि शेकाटे, तुतवार अशा चिखलात चरणाऱ्या पाखरांचा थवाच्या थवा खारात उतरला. एक टिलवा माझ्यापासून दहा पावलांवर, म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यात चोच खुपसून उभा होता. मूठभर जीव, सैबेरियाकडून आलेला, आणि त्याला पुरे पडलं ते एका खुराएवढं पाणी. मला भरून आलं.

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्याचा आनंद आहेच. पण हा खार त्यात नाही. रात्री डंपर येतात आणि राडारोडा टाकून जातात. पश्चिमेकडची दोन खाचरं गेल्या पावसाळ्यानंतर गेलीच. भरतीला खाडीतली पाखरं बसणार कुठे? तक्रार केली आहे, पुन्हा करणार आहे. तुझे जुने फोटो असतील, तारखेसकट, तर पाठव. तिथं पाणी होतं हे दाखवायला लागतील.

आणि माघात ये. द्वादशी-त्रयोदशीला, मुक्कामाला. पहाटे निघू. वहिनींना नमस्कार, छोटीला दुर्बीण घेऊन ठेवली आहे.

तुझा,
विजय