५३ वेळा म्हणतो, एकदा बोलत नाही

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही कॅथलिक मंडळी सिमेट्रीत जातो. थडग्यावरचं गवत उपटतो, फुलं ठेवतो, मेणबत्त्या लावतो. यंदा मिस्टरांच्या क्रुसापाशी उभी होते, तर पलीकडच्या थडग्याजवळ एक बाई सुनेला हळूच सांगत होत्या, "पप्पांना काय झालंय ते अजून सांगितलेलं नाही हां, तू बोलून बसशील." सिमेट्रीत उभं राहून! मला हसू आलं, आणि मग आलं नाही, कारण चार वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं. रोझरीच्या माळेवर आम्ही मरियेला 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर' असं ५३ वेळा म्हणतो, पण त्या मरणाबद्दल घरात एकदा बोलत नाही.

मी ३४ वर्षं परिचारिका होते. माझे मिस्टर एस.टी.त ड्रायव्हर. निवृत्तीनंतर त्यांची फुप्फुसं घट्ट होत गेली. या दुखण्यात फुप्फुसं पुन्हा मऊ होत नाहीत, हे मला डॉक्टरांनी सांगण्याआधी ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या नातेवाइकांना मी आयुष्यभर समजावलं, घरी मात्र तोंड शिवून बसले. एका रात्री दम लागला, मोठ्या गावी नेलं. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून त्यांनी विचारलं, "माका घराक कधी नेतलंस गो?" मी म्हटलं, "बरे झालात की." दुसऱ्या दिवशी घशात नळी घालून श्वासाच्या मशीनवर ठेवलं. त्यानंतर त्यांचा आवाज मी ऐकला नाही.

मुलगा कुवेतला. फोनवर एकच, "मम्मी, काय लागेल ते कर." आणि मी सह्या करत गेले. नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात खाटेला बांधले होते. फादरांना आत पाच मिनिटं मिळाली. अकराव्या दिवशी गेले तेव्हा मी बाहेर औषधांच्या दुकानाच्या रांगेत होते. बिलाचं सांगत नाही.

या काळात एक वाक्य सगळ्यांनी ऐकवलं: "आपल्या धर्मात मशीन काढायला परवानगी नाही." संपादक महोदय, हे खोटं आहे, आणि आमच्याच लोकांना ते माहीत नाही म्हणून हे पत्र. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगितलं होतं की, जीव लांबवण्यासाठी असाधारण उपाय करायलाच हवेत असं बंधन नाही. कॅथलिक धर्मशिक्षणातही तेच आहे: ज्या उपचाराचा भार फार आणि उपयोग थोडा, तो थांबवणं म्हणजे जीव घेणं नव्हे. मारण्यासाठी इंजेक्शन देणं वेगळं, त्याला चर्चचा ठाम विरोध आहे आणि माझाही. पोप दुसरे जॉन पॉल २००५ मध्ये शेवटच्या दिवसांत पुन्हा रुग्णालयात गेले नाहीत. २ एप्रिलला आपल्या खोलीत गेले, खाली चौकात लोक प्रार्थना करत होते. आमच्या भावकीतल्या कुठल्याशा माणसाला मात्र व्हेंटिलेटरशिवाय जाऊ दिलं, तर लोक मुलांना नावं ठेवतात.

येशूने आपलं मरण शिष्यांना आधीच सांगितलं, तेव्हा पेत्र त्याला बाजूला घेऊन म्हणाला, असं तुझं कधीच होणार नाही. आयसीयूच्या दाराशी आम्ही सगळे पेत्र. पकडलं जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने मित्रांकडे एवढंच मागितलं की माझ्याबरोबर जागे राहा. तेवढंच माझ्या नवऱ्यानेही मागितलं असतं. मी विचारलं नाही.

फादरांना बोलवायलाही आम्ही घाबरतो. आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन आले म्हणजे संपलं, असा समज. वास्तविक तो संस्कार आजाऱ्यासाठी आहे, मरणाऱ्यापुरता नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात तसंच लिहिलंय आणि चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही तेच सांगितलं. पण इकडे अजून माणूस बेशुद्ध होईपर्यंत थांबतात. त्याला फादरांकडे पापांची कबुली द्यायची असली तर ती कशी देणार?

म्हणून गेल्या मे महिन्यात मी स्वतःचं लिहून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात 'लिव्हिंग विल' मान्य केलं, म्हणजे पुढे आपल्याला बोलता आलं नाही तर कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद. आधी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जावं लागे. २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. त्यावरही डॉक्टरांची दोन मंडळं विचार करतात, म्हणजे कुणी मालमत्तेसाठी उगाच मशीन काढेल ही भीती नको. माझ्या कागदात आहे: बरं होण्यासारखं नसेल तर नळी नको, छाती दाबणं नको, दुखणं मारायचं औषध हवं, फादर शुद्धीत असताना हवेत. अन्नपाणी मात्र तोडायचं नाही. कायदा त्याहून पुढे जाऊ देतो, मी जात नाही. अरुणा शानबाग आमच्याच पेशातली, मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका; तिथेच तिच्यावर हल्ला झाला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. १९७३ पासून २०१५ मध्ये ती जाईपर्यंत केईएमच्या परिचारिकांनी तिला भरवलं, अंग पुसलं. त्यांनी तिचं अन्न थांबवायला विरोध केला तेव्हा मला त्या बरोबर वाटल्या, आजही वाटतात.

नोटरी म्हणाले, "सिस्टर, असलं अभद्र कशाला लिहिता?" साक्षीदार म्हणून शेजारीण आली, बाजारात मासे विकते. म्हणाली, "सही करतंय मी, पण माझ्या आदी जावचा नाय."

एक गोष्ट मात्र कागदाने होत नाही. घरी मरायचं तर घरी दुखणं आवरायला हवं. तीव्र दुखणं मारणारी मॉर्फिनची गोळी काही महाग नाही, २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदाही त्यासाठी सैल केला, तरी आमच्या वाडीतल्या एका कॅन्सरच्या माणसासाठी त्याचा मुलगा ती आणायला गोव्याला खेपा घालत होता. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांना सांभाळतंय. इथल्या माणसाने शेवटच्या आठवड्यात वांद्र्याला जायचं का? आपल्या वार्ताहरांनी तालुक्या-तालुक्यातली औषधांची दुकानं फिरून ही गोळी कुठे मिळते ते छापावं, ही विनंती.

त्या कागदाचा फोटो मी मुलाला पाठवला. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या रात्री फोन आला. कागदाबद्दल बोलला नाही. म्हणाला, "मम्मी, तुझी खाट आतल्या खोलीत ठेवायची की पडवीत?" मी म्हटलं, पडवीत, वारा येतो.

माझं नाव छापू नये. सिमेट्रीतल्या त्या बाईंना कळेल.

— एक निवृत्त परिचारिका, सिंधुदुर्ग