यंत्रमानवाचा संपर्क गृहीत धरू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फिरत्या यंत्रमानवांविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख आवडीने वाचला. यंत्रमानवाचे कॅमेरे, त्याचे पाय आणि पायऱ्या चढण्याचे त्याचे कौशल्य यांचे वर्णन त्यात सविस्तर आहे. मात्र ज्या बिनतारी संपर्कावरून त्याला आज्ञा मिळतात आणि ज्यावरून तो पाहिलेले कळवतो, त्याची बोळवण एका वाक्यात झाली आहे. संशोधनातही हा विषय बराच काळ असाच मागे राहिला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बिनतारी जाळ्यांच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावर केलेल्या नकली चाचण्यांत, संदेश पाठवणाऱ्या प्रक्षेपकाभोवती एक वर्तुळ आखायचे आणि वर्तुळाच्या आत संदेश पोहोचतो, बाहेर पोहोचत नाही असे मानायचे, ही सोयीची रीत अनेक वर्षे चालली. प्रत्यक्षात २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, आणि भिंती, जमीन व धातूचे पृष्ठभाग यांवरून परावर्तित झालेल्या लहरी मूळ लहरीत मिसळून कुठे तिचे बळ वाढवतात, तर कुठे तिला जवळजवळ पुसून टाकतात. त्यामुळे बंदिस्त जागेत यंत्रमानव जेमतेम सहा सेंटिमीटर सरकला तरी उत्तम चाललेला संपर्क कोलमडू शकतो. टेबलावरच्या संगणकाला हे क्वचितच जाणवते, फिरत्या यंत्राला मात्र पावलोपावली भोगावे लागते. शिवाय एका रेडिओचे दुसऱ्याला ऐकू येते म्हणून दुसऱ्याचेही पहिल्याला ऐकू येईल, असे नाही. अमेरिकेतील डार्टमाउथ महाविद्यालयाच्या संशोधकांनी २००४ मध्ये मोकळ्या मैदानात मोजमापे घेऊन अशी गृहीतके किती तकलादू आहेत हे दाखवले होते.

या दुर्लक्षाची किंमत काय असते, हे फुकुशिमाने दाखवले. २०११ च्या अणुभट्टी दुर्घटनेनंतर आत पाठवलेल्या ‘क्विन्स’ या जपानी यंत्रमानवाला जाड काँक्रीटच्या भिंतींमुळे केबल जोडावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केबलनेच दगा दिला आणि यंत्र दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीच्या इमारतीत अडकून पडले. त्याचे पट्टे किंवा मोटर निकामी झाल्या नव्हत्या; बाहेरच्या माणसांशी असलेला संबंध तुटला होता.

यावरचे उत्तर केवळ अधिक ताकदीचा प्रक्षेपक हे नाही. अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण-संशोधन संस्थेने २०१८ ते २०२१ या काळात भुयारे आणि गुहांमध्ये घेतलेल्या स्पर्धेत अनेक संघांचे यंत्रमानव वाटेत छोटी रेडिओ केंद्रे टाकत पुढे जात. संपर्क सुटला तरी ते स्वतःच्या बळावर शोध चालू ठेवत आणि पुन्हा संपर्काच्या टप्प्यात येऊन तयार केलेला नकाशा सुपूर्द करत. किती पुढे जायचे आणि सांगायला मागे कधी फिरायचे, हा निर्णय यंत्राने स्वतः घेणे मला या संपूर्ण क्षेत्रातील सर्वांत विलक्षण प्रश्न वाटतो. त्यासाठी यंत्रमानवाने समोरच्या अडथळ्याप्रमाणेच सिग्नलची तीव्रताही सतत मोजली पाहिजे आणि आपल्या नकाशात नोंदवली पाहिजे.

म्हणूनच संशोधकांनी अपयशाच्या नोंदी खुल्या करणे अत्यंत गरजेचे आहे. अमेरिकेतील ग्रेट डक आयलंड या बेटावर २००२ मध्ये समुद्रपक्ष्यांच्या बिळांत सेन्सर बसवणाऱ्या चमूने ओलाव्याने बिघडलेल्या आणि मध्येच बंद पडलेल्या उपकरणांविषयी मोकळेपणाने लिहिले, आणि त्या लेखनाचा पुढच्या अनेकांना उपयोग झाला. आज मात्र यशस्वी प्रात्यक्षिकाची चित्रफीत सर्वांपर्यंत पोहोचते आणि त्याआधीच्या फसलेल्या फेऱ्यांची मोजमापे संगणकातच राहतात.

आपल्या वार्ताहरांना विनंती आहे की, नव्या यंत्रमानवाची बातमी देताना त्यांनी संशोधकांना तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: चाचणी कोणत्या प्रकारच्या जागेत झाली, संपर्क किती वेळा तुटला आणि तुटल्यावर यंत्राने काय केले.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक